अभ्यास शाळेच्या भाषेत, चर्चा मराठीत

नमस्कार मंडळी.

आपण घरी मुलांशी मराठीत बोलतो, हे खरं. पण काय बोलतो? "ऊठ, आवर, जेवून घे, फोन ठेव, झोप आता." मूल दहा वर्षांचं झालं तरी आपली मराठी ते तीन वर्षांचं असल्यासारखीच. अपूर्णांक, इतिहास, ज्वालामुखी निघाले की आपण आपसूक शाळेच्या भाषेत शिरतो.

घरीही शाळेचीच भाषा बोला, असा सल्ला काही पालकांना मिळतो. हेतू चांगला असेल, पण मला तो पटत नाही. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स १९७९ पासून सांगत आले आहेत की, दोन्ही भाषांच्या मुळाशी समज एकच असते. एका भाषेत उमगलेली कल्पना दुसरीत पहिल्यापासून शिकावी लागत नाही, शब्द तेवढे नवे लागतात. त्यांनी आणखी एक दाखवलं. नव्या भाषेत गप्पांपुरती सफाई साधारण दोन वर्षांत येते, पण पाठ्यपुस्तकाच्या भाषेत वर्गाच्या बरोबरीला यायला बहुधा पाच ते सात वर्षं लागतात. तेव्हा मैदानावर फडाफडा बोलणारं मूल विज्ञानाच्या पेपरात अडलं, तर लगेच मराठीवर खापर फोडू नका.

मग करायचं काय? वही मिटली की म्हणा, "आज काय शिकलास, मला समजावून सांग बरं." समजा तो म्हणाला, "बर्फ फ्लोट होते, कारण ती लाइट आहे." आपली जीभ लगेच वळवळते, "ती नाही, तो! फ्लोट काय, तरंगतो म्हण!" झालं, मूल गप्प. त्याऐवजी म्हणा, "हो, तरंगतो खरा. पण बर्फ म्हणजे पाणीच ना? मग तो हलका कसा?" न टोकता चूकही सुधारली आणि विषयही पुढे सरकला. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, म्हणून तेवढ्याच वजनाला जागा जास्त लागते, हे आता त्याला मराठीत मांडावं लागेल. 'डेन्सिटी' तशीच आली तर येऊ द्या, आपण तरी कुठे रोज सोवळं मराठी बोलतो? उत्तर तुम्हाला येत नसेल तर उत्तमच. मग त्याला खरोखर समजवावं लागतं.

आजी-आजोबांच्या व्हिडिओ कॉलवर मागे उभं राहून "बोल ना, सांग ना" असं ढोसू नका. सरळ खोलीबाहेर जा. शब्द अडला तर मूल हातवारे करतं, चित्र काढतं, पण आजीपर्यंत पोचतं.

वाचनाचं थोडक्यात. मूल स्वतः वाचू लागलं म्हणून वाचून दाखवणं बंद करू नका. जोडाक्षरांपाशी अडखळणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाला चिऊकाऊच्या गोष्टी नकोशा होतात. त्याला त्याच्या वयाची रहस्यकथा वाचून दाखवा आणि ऐन रंगात आल्यावर थांबून विचारा, "कोणी केलं असेल?" थोरली भावंडं ऐकत नसल्याचं सोंग करतील, पण उत्तर बहुतेक वेळा तीच आधी देतात.