कूर्चा, वंगण आणि हालचाल

श्रोतेहो, नमस्कार.

आपण खुर्चीवर बसून हे भाषण ऐकत असाल, तर एक तळहात गुडघ्याच्या वाटीवर ठेवा आणि तो पाय सावकाश सरळ करून पुन्हा वाकवा. हाताखाली वाटी वर-खाली सरकते, कधी बारीकशी करकरही जाणवते, पण निरोगी गुडघ्यात हाडावर हाड घासल्याची जाणीव होत नाही, कारण तिथे हाड हाडाला टेकलेलेच नसते. हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत अस्तर असते आणि त्या अस्तरांना द्रवाचा अतिशय पातळ थर ओला ठेवतो. अशा रचनेच्या सांध्यांना सायनोव्हियल सांधे म्हणतात. प्रौढ माणसाच्या कवटीतील शिवणी जवळजवळ हलतच नाहीत, मणक्यांमधील चकत्या थोड्याशाच दबतात. हात उचलणे, पाऊल टाकणे, घास चावणे या मोकळ्या हालचाली मात्र सायनोव्हियल सांध्यांमुळेच होतात.

या सांध्याभोवती चिवट तंतूंची बंद पिशवी असते आणि जिथे ताण जास्त येतो तिथे अस्थिबंधांचे पट्टे तिला बळकटी देतात. पिशवीच्या आतल्या बाजूला एक नाजूक पटल असते. सांध्यातील वंगण या पटलातूनच येते. रक्तातील पातळ भाग त्यातून गाळला जातो आणि पटलातील पेशी त्यात हायल्युरोनिक ॲसिड मिसळतात. त्यामुळे तो द्रव अंड्यातील पांढऱ्या भागासारखा चिकट होतो. ‘सायनोव्हिया’ हे नाव 16व्या शतकात पॅरासेल्सस या वैद्याने वापरात आणले आणि त्यात अंड्याचा लॅटिन शब्द दडलेला असल्याचे मानतात. एवढ्या मोठ्या गुडघ्यात निरोगी अवस्थेत हा द्रव चहाचा चमचाभरही नसतो. हालचाल संथ असताना तो दाट राहतो आणि हालचाल वेगाने होऊ लागली की पातळ होतो, म्हणजे सावकाश उभे राहतानाही आणि धावतानाही त्या-त्या वेळी हवा तसा तो वागतो.

वंगणाचे कौतुक सगळेच करतात; मला मात्र खरे नवल कूर्चेचे वाटते. बहुतेक सांध्यांत तिची जाडी 2 ते 4 मिलिमीटर असते, गुडघ्याच्या वाटीमागे ती याहून जाड असते. तिच्या वजनात 65 ते 80 टक्के पाणीच असते. कोलॅजेन या चिवट प्रथिनाच्या तंतूंचे जाळे आणि त्या जाळ्यात पाणी धरून ठेवणारे मोठे रेणू, अशी तिची घडण आहे. सांध्यावर भार आला की हे कोंडलेले पाणी दाबाखाली येते आणि सुरुवातीचा बराचसा भार तेच पेलते. त्यातले थोडे पाणी पृष्ठभागावर पाझरते आणि सरकणे आणखी सोपे करते. भार उतरला की कूर्चा ते पुन्हा शोषून घेते.

पाण्याची ही ये-जा कूर्चेला दुसऱ्या एका कारणानेही हवी असते. प्रौढ माणसाच्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, मज्जातंतूही नसतात. तिच्या पेशींना जे पोषण मिळते ते मुख्यतः सांध्यातील द्रवातूनच. लहान रेणू आपोआप आत झिरपतात, पण मोठ्या रेणूंना दाबले जाणे आणि सुटणे या क्रियेचा आधार मिळतो. अनेक आठवडे प्लास्टरमध्ये जखडलेल्या सांध्याची कूर्चा पातळ आणि मऊ पडू लागते, ती यामुळेच.

सांध्यांचे प्रकार आपण शाळेत शिकलेलेच आहेत, म्हणून ते भरभर सांगतो: कोपर बिजागरीसारखे, मानेचे पहिले दोन मणके खिळीसारखे, अंगठ्याच्या मुळाशी खोगिरासारखा सांधा, आणि खांदा व खुबा उखळीचे. या शेवटच्या जोडीत मात्र थोडे थांबण्यासारखे आहे. खांद्याची खोबणी उथळ असल्यामुळे हात सर्व दिशांना फिरतो, पण खांदा सहज निखळतोही. खुब्याची खोबणी खोल असते, तिथे हालचाल थोडी कमी आणि पकड मोठी. 1836 मध्ये विल्हेल्म आणि एडुआर्ट वेबर या जर्मन बंधूंनी मृतदेहावर दाखवून दिले की खुब्याभोवतीचे स्नायू आणि पिशवी कापली तरी मांडीचे हाड खोबणीतून निसटत नाही. खोबणीला भोक पाडून हवा आत जाऊ दिली की ते सुटते. म्हणजे त्या पकडीत बाहेरच्या हवेच्या दाबाचाही वाटा असतो.

आता दुखण्याविषयी. कूर्चेत मज्जातंतू नसल्यामुळे ती झिजू लागली तरी स्वतः कळवळत नाही. वेदना येते ती पटलातून, पिशवीतून, अस्थिबंधांतून आणि कूर्चेखालच्या हाडातून, म्हणजे बहुधा बरेच काही घडून गेल्यावर. गुडघा सुजला की माणूस नकळत एक गोष्ट करतो: तो गुडघा थोडा वाकवून, साधारण 30 अंशांच्या आसपास ठेवतो, कारण त्या अवस्थेत पिशवीत सर्वांत जास्त जागा होते आणि आतला दाब कमी राहतो. त्याच वेळी मांडीच्या पुढच्या स्नायूला आदेश देताना मज्जासंस्था हात आखडता घेते. रुग्णाची इच्छा असूनही तो स्नायू पूर्ण जोर लावू शकत नाही. ‘पायात जीवच राहिला नाही’ असे तो म्हणतो तेव्हा तो आळस करत नसतो, हे घरच्यांनी समजून घ्यायला हवे.

विल्यम हंटर या शरीरशास्त्रज्ञाने 1743 मध्येच लिहून ठेवले होते की कूर्चा एकदा नष्ट झाली की ती पूर्ववत होत नाही. हाड मोडले तर रक्त गोठते, त्यातून पेशी येतात आणि हाड सांधले जाते. कूर्चेपर्यंत रक्तच पोहोचत नाही आणि तिच्या स्वतःच्या पेशी जाळ्यात अडकलेल्या असतात. म्हणून काही शस्त्रक्रियांमध्ये कूर्चेच्या खड्ड्याच्या तळाशी असलेल्या हाडाला बारीक छिद्रे पाडतात, म्हणजे हाडातले रक्त आणि पेशी वर येतात आणि खड्डा भरू लागतो. मात्र त्यात भरून येणारी कूर्चा तंतुमय असते, आणि मूळच्या कूर्चेइतकी ती गुळगुळीत किंवा टिकाऊ नसते.