हापूसच्या हंगामात अ‍ॅडमिशन

(दृश्य : देवगड तालुक्यातली कलमांची बाग. सकाळची वेळ. झेल्यात अलगद उतरणारा आंबा.)

एप्रिल सुरू झालाय. या दिवसांत देवगडात रिकामा माणूस शोधून सापडत नाही. बागेत आंबा उतरतोय, पडवीत पेट्या भरल्या जातायत, संध्याकाळी गाडी वाशीला सुटायची आहे. पण या घरातली दोन धडधाकट माणसं बागेत दिसत नाहीत. बारावीची परीक्षा दिलेला मुलगा माडीवर पंख्याखाली फिजिक्सचे पेपर सोडवतोय, कारण इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेचा, जेईई मेनचा, दुसरा टप्पा याच महिन्यात आहे. आणि त्याची आई सेतू केंद्रासमोरच्या बाकावर नंबर लावून बसलीय. जेईई अ‍ॅडव्हान्स्डला, म्हणजे आयआयटीच्या प्रवेश परीक्षेला, ओबीसींसाठीचा नॉन-क्रीमी लेअरचा दाखला त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेलाच चालतो. गेल्या वर्षीचा, लॅमिनेशन करून जपून ठेवलेला दाखला इथे कामाचा नाही.

बाबांना विचारलं, तुम्ही काय मदत करता? झेला खाली ठेवून ते म्हणाले, "माका ह्यातला काय कळना नाय. पण परीक्षा होयसर तेका बागेत बोलवूचंय नाय, येवढा ठरवलंय."

ऐन हंगामात दोन हात कमी म्हणजे काय, ते बागायतदारालाच विचारावं.

मोठ्या संस्थांच्या प्रवेशाचं वेळापत्रक कोकणाकडे बघून कुणी आखलेलं नाही. जेईई मेनचा पहिला टप्पा जानेवारीत, मोहोरावर फवारण्या चालू असताना. दुसरा एप्रिलमध्ये. अ‍ॅडव्हान्स्ड मे महिन्यात. जागावाटप जूनमध्ये, म्हणजे पहिला पाऊस आणि गेलेली लाईट. परदेशी जायचं म्हटलं तर अमेरिकेतल्या शेकडो विद्यापीठांचा सामाईक अर्ज, कॉमन अ‍ॅप, १ ऑगस्टला उघडतो, तेव्हा इथे गणपतीची रंगरंगोटी सुरू झालेली असते. ऑक्सफर्ड-केंब्रिजची मुदत १५ ऑक्टोबर, भातकापणीच्या तोंडावर. अमेरिकेतल्या बहुतेक नामवंत विद्यापीठांची शेवटची तारीख १ जानेवारीच्या आसपास. पुन्हा मोहोर.

(दृश्य : दापोली तालुका, मुरुडचा किनारा.)

परीक्षेसाठी घर सोडणं इथे नवीन नाही. याच मुरुडचे धोंडो केशव कर्वे सोबत्यांबरोबर घाट चढून पायी साताऱ्याला गेले होते, परीक्षा द्यायला. तिथे त्यांना सांगण्यात आलं की तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस. बसूच दिलं नाही. आजच्या भाषेत, डॉक्युमेंट व्हेरिफिकेशनला बाद. याच तालुक्यातल्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजमध्ये सीनियर रँग्लर झाले, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले आले, तो मान मिळवणारे पहिले भारतीय. त्याआधी इथे शिकताना ते राहिले कर्व्यांच्या घरी, कारण कर्वे नात्यातले आणि शहरात आधी पोचलेले.

हा शिरस्ता अजून चालू आहे. आधी गेलेला माणूस मागून येणाऱ्याला हात देतो. प्रत्येक घराचा एक चाकरमानी असतो, डोंबिवलीला नाहीतर विरारला, आणि अ‍ॅडमिशनच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा. गणपतीत आरत्या झाल्या की सल्ल्यांना सुरुवात होते. कॉम्प्युटरच घे. सिव्हिलला काय ठेवलंय? आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा क्लाससाठी राजस्थानात कोट्याला होता. सल्ला देणाऱ्याची माया खरी असते, पण त्याची माहिती बहुधा वीस वर्षांपूर्वीची असते. आणि ज्याची अ‍ॅडमिशन आहे तो मुलगा मोदकाचं ताट घेऊन पाहुण्यांना वाढत असतो.

(दृश्य : रत्नागिरी. निकालाच्या दिवशीचा कॉलेजचा फलक.)

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, या दोनच जिल्ह्यांचं कोकण विभागीय मंडळ बारावीच्या निकालात वर्षानुवर्षं राज्यात पहिलं येतं. २०२५ ला ९६.७४ टक्के. अभिमान वाटावा असंच हे आहे, पण पालकांची फसगतही इथेच होते. बोर्डाला नव्वद पडलेल्या मुलाला जेईईत कमी का पडले, याचं उत्तर आळसात शोधलं जातं. बोर्डाची परीक्षा उत्तीर्ण करण्यासाठी असते. जेईई ही गाळणी आहे. २०२५ मध्ये मेनला नाव नोंदवणारे सुमारे १५ लाख, त्यातून अ‍ॅडव्हान्स्डला बसायची मुभा वरच्या अडीच लाखांना, आणि सगळ्या आयआयटी मिळून जागा १८ हजारांच्या आसपास. इतक्या लहान दारातून मागे राहिलेल्यात हुशार मुलंच जास्त असणार, हा साधा हिशोब आहे. हा आकडा अकरावीलाच घरात मोठ्याने बोलला गेला, तर बारावीनंतरची निम्मी रडारड टळेल असं मला वाटतं.

(दृश्य : तलाठी कार्यालय. टेबलावर सातबारा.)

आता कागद. यात आईबाबांचं काम सर्वांत मोठं, आणि त्याबद्दल कुठल्याच क्लासच्या जाहिरातीत एक ओळ नसते.

उदाहरणार्थ, आर्थिक दुर्बल घटकाचा, म्हणजे ईडब्ल्यूएसचा दाखला. उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत हवं. शिवाय कुटुंबाकडे ५ एकर किंवा त्याहून जास्त शेतजमीन असता कामा नये. आता कोकणातला सातबारा डोळ्यांसमोर आणा. पणजोबांची नऊ एकर, त्यातली निम्मी कातळ. वर नावं सतरा. त्यातले सहा मयत, वारस नोंदी बाकी, दोन आत्यांची माहेरची नावं तशीच, एक काका बडोद्याला. वाटणी तोंडी झालेली, कागदावर नाही. उतारा बघून टेबलापलीकडचा माणूस म्हणतो, तुमची तर नऊ एकर दिसतेय.

नियमातलं कुटुंब म्हणजे उमेदवार, त्याचे आईवडील आणि अठरा वर्षांखालची भावंडं. चुलत्यांचा हिस्सा त्यात येत नाही. पण आपला हिस्सा किती, ते दाखवायला वारस नोंद लागते, फेरफार लागतो, आणि ते आठवड्याभरात होत नाही. मूल दहावीला असताना हे काम काढलं तर बारावीला कागद हातात येतो. मुलाने कितीही अभ्यास केला तरी हे काम त्याच्याने होणारं नाही.

आणखी एक खाच. राज्याच्या ओबीसी यादीतली प्रत्येक जात केंद्राच्या यादीत असतेच असं नाही, आणि केंद्रीय संस्थांना दाखला केंद्राच्या नमुन्यातलाच लागतो. सेतूत सांगताना "कॉलेजला पाहिजे" एवढं म्हटलं तर राज्याचा नमुना हातात पडतो. आधारवर नावाचं एक स्पेलिंग आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरं, हे तर घरोघरी. तेही आधीच जुळवून घ्यावं.

(दृश्य : वेंगुर्ल्याजवळचं घर. पडवीत काजू फोडण्याचं मशीन. एक मुलगी गर निवडतेय.)

या घरात आईचा काजूगराचा छोटा धंदा आहे. मुलीला अमेरिकेत अर्ज करायचाय. टेबल एकच, त्याच्या एका टोकाला लॅपटॉप आणि दुसऱ्या टोकाला गराचं सूप. तिची बोटं बघा. टरफलातलं तेल लागून नखांच्या कडा काळ्या पडल्यात. खोबरेल चोळलं तरी लगेच जात नाहीत.

कॉमन अ‍ॅपमध्ये एक मुख्य निबंध असतो, जास्तीत जास्त ६५० शब्दांचा. पहिला खर्डा तिने समुद्रकिनारा स्वच्छतेवर लिहिला होता. नमुने वाचून लिहिलेला, गुळगुळीत. रात्री आईला मराठीत करून ऐकवला. आई दहावी झालेली. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "गो, थंय तू एकच दिस गेल्लंस. आणि काजीच्या बियांचो हिशोब कोण ठेवता?"

हिशोब मुलगीच ठेवते. शंभर किलो बीतून पंचवीस-तीस किलो गर निघतो, पण बी कुठल्या बागेतली, किती सुकलेली, यावर आकडा हलतो. अख्खा किती, पाकळी किती, तुकडा किती, हे तिने नववीपासून वहीत लिहिलंय. अर्जात कामगिरीसाठी दहा रकाने असतात, आणि तिथल्या प्रकारांत 'कौटुंबिक जबाबदाऱ्या' असा एक प्रकार चक्क छापलेला आहे. तो तिने बघितलाच नव्हता. घरकाम कुठे दाखवतात का, असं तिला वाटायचं.

मोठ्या शहरांत या अर्जांसाठी सल्लागार मिळतात, त्यांची फी लाखांच्या घरात जाते. त्यातले काही चांगले असतील. पण निबंध दुसऱ्याने लिहून देणं ही लबाडी आहे, मग तो सल्लागाराने लिहिलेला असो की इंग्रजी चांगलं असलेल्या मावसभावाने. शिफारसपत्राचंही तेच. "तूच लिहून आण, मी सही करतो," असं सर म्हणाले तर पालकांनी सरांना एकदा भेटावं. मूल वर्गात काय विचारतं, कुठे अडतं, हे सरांच्याच शब्दांत मराठीत लिहून घ्यावं आणि भाषांतराला मदत करावी. तालुक्याच्या कॉलेजातून असं पत्र याआधी कधी गेलेलंच नसतं. संकोच असतो, दुसरं काही नाही.

आणि पैसा. आर्थिक मदत मागायची तर बरीच विद्यापीठं सीएसएस प्रोफाइल नावाचा वेगळा फॉर्म भरायला लावतात. पगाराची चिठ्ठी नसलेल्या घराने त्यात काय लिहायचं? हंगामाची वही काढायची. बी किती घेतली, गर किती गेला, बायकांची मजुरी, विजेचं बिल, पतपेढीचा हप्ता. या घरात मायलेकी त्यासाठी रात्री उशिरापर्यंत जागल्या. त्या वहीतून मुलीला पहिल्यांदा कळलं की घर वर्षाला नक्की किती कमावतं. आपल्याकडे ही गोष्ट मुलांपासून लपवायची पद्धत आहे. लपवून त्यांचं भलं होतं असं मला तरी दिसलेलं नाही.

हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी अशी मोजकीच विद्यापीठं परदेशी मुलाला निवडताना त्याची ऐपत बघत नाहीत, आणि निवड झाली की गरजेपुरती मदत करतात. तिथे शंभरातल्या पाचांनाही जागा मिळत नाही. इतर बऱ्याच ठिकाणी परदेशी मुलाने मदत मागितली की निवडीची शक्यताच घटते. नामवंत विद्यापीठांत एकेका अर्जाला साधारण ७५ ते ९० डॉलर पडतात. गरज असेल तर फीमाफी मागता येते, आणि मागण्यात कमीपणा नाही. म्हणून यादी करताना तिघांनी बसून प्रत्येक नावापुढे एकच गोष्ट लिहावी, मदत नाही मिळाली तर इथे जाणार का? नाही, असं उत्तर असेल तर अर्जाचे पैसे कशासाठी घालवायचे?

देशातला हिशोब तुलनेने सोपा. आयआयटीची शिकवणी फी वर्षाला २ लाख. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ती पूर्ण माफ. उत्पन्न १ लाखाच्या आत असेल तरी पूर्ण माफ, १ ते ५ लाखांमध्ये असेल तर दोन तृतीयांश माफ. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी तारणाशिवाय कर्ज मिळतं.

(दृश्य : हर्णै बंदर, जून. किनाऱ्यावर ओढलेल्या होड्या, वर झाप.)

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. घरात पैसा येत नाही आणि नेमके याच दिवसांत जोसाचे, म्हणजे आयआयटी-एनआयटीच्या जागावाटपाचे राउंड सुरू होतात. जागा मिळाली की ती स्वीकारायची रक्कम ठरल्या मुदतीत भरावी लागते, कागदांबद्दल शंका निघाली तर उत्तरही मुदतीतच. रेंज गेली, लाईट गेली, ही सबब चालत नाही. इथल्या एका वडिलांनी मे महिन्यातच ती रक्कम बाजूला काढून बायकोच्या खात्यात टाकली. का? "माझ्या खात्यात डिझेलला उडते."

पसंतीक्रमावरून मात्र या घरात वाजलं. वडिलांना मोठ्या संस्थेचं नाव हवं, मुलाला हवी ती शाखा. क्रम मनापासूनच्या आवडीने लावायचा असतो. अवघड जागा वर लिहिल्याने खालची सोपी जागा हातची जात नाही, यंत्रणा तशीच बनवलेली आहे. मिळालेल्या जागेवर थांबायचं तर फ्रीझ, आणखी वरची हवी तर फ्लोट, त्याच संस्थेत वरची शाखा हवी तर स्लाइड. हे तीन शब्द वडिलांनी नौकेच्या डिझेलच्या वहीत मागच्या पानावर लिहून घेतलेत. शेवटी यादी मुलाने लावली. वडील दोन दिवस बोलले नाहीत, पण पैसे भरायला तेच गेले.

नकारही येतो. अमेरिकेचे निकाल मार्चच्या अखेरीस लागतात, पहिली पेटी मुंबईला गेल्यानंतर. कारण कुणी देत नाही. मग चाकरमान्यांचे फोन, आणि "लोकांना काय सांगायचं" हा प्रश्न, जो मुलाचा नसून आईबाबांचा असतो. अ‍ॅडव्हान्स्ड सलग दोनच वर्षं देता येते. पुन्हा बसायचं की नाही हे निकालाच्या रात्री ठरवू नये. मूल जेवत नसेल, झोपत नसेल, तर १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं.

वेंगुर्ल्याच्या मुलीला एका ठिकाणी जागा मिळाली, मदतही बरीच मिळाली, पण पूर्ण नाही. उरलेल्यासाठी बँकेचं कर्ज, आणि परदेशासाठी बँकेने तारण मागितलं. जमीन आहे, सामाईक आहे. अकरापैकी दहा हिस्सेदारांच्या सह्या झाल्यात. अकरावे काका म्हणतात, गणपतीला येतोच आहे, तेव्हा बघू. तिचं सत्र ऑगस्टमध्ये सुरू होतंय. उद्याच्या गाडीने आई फाइल घेऊन विरारला निघालीय.