ढगांपलीकडून दिसणारा पूर

श्रोतेहो, नमस्कार. वरून पृथ्वी न्याहाळणाऱ्या उपग्रहांविषयी आज बोलू, आणि तेही ऐन पावसाळ्यातल्या.

युरोपच्या 'सेंटिनल-२'ला जमीन दहा-दहा मीटरच्या चौकटींत दिसते. उन्हाळ्यात धरण कसं आटत गेलं, हे त्याच्या चित्रांत छान कळतं. पण ऑगस्ट २०१९मध्ये कृष्णा-पंचगंगेला महापूर आला, तेव्हा आभाळ गच्च भरलेलं होतं. तिथे कॅमेरा काय करणार?

तिथे लागतं रडार. 'सेंटिनल-१' स्वतःच रेडिओलहरी सोडतो आणि परतणाऱ्या टिपतो. त्याला ना ढगाची आडकाठी, ना रात्रीची. खडबडीत जमिनीवरून काही लहरी माघारी येतात. संथ पाण्यावर मात्र त्या तिरप्या आदळून पलीकडे निघून जातात, म्हणून पुराचं पाणी चित्रात काळंकुट्ट उमटतं.

गोम आहे ती उसात. या उपग्रहाच्या लहरी जेमतेम साडेपाच सेंटिमीटर लांबीच्या, त्यामुळे दाट उसात त्या बऱ्याचशा वरच्या पाल्यावरूनच परततात. खाली गुडघाभर पाणी असलं तरी शेत कोरडं वाटू शकतं. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेल्या इस्रो-नासाच्या 'निसार'कडे २४ सेंटिमीटरच्या लहरीही आहेत. त्या पाल्यातून खाली उतरतात, पाणी आणि बुंधा अशा दोन्हींवर आपटून परततात, आणि असं शेत काळं न दिसता उलट उजळ दिसतं!

हे उपग्रह पुराची आगाऊ वर्दी देत नाहीत बरं का. ते आपल्या फेरीनं येतात. 'सेंटिनल-१'ची जोडी सहा दिवसांनी यायची; डिसेंबर २०२१मध्ये त्यातला एक बिघडला आणि त्याच्या जागी नवा जायला डिसेंबर २०२४ उजाडलं.

मला मोल वाटतं ते या चित्रांच्या फुकटपणाचं. अमेरिकेच्या 'लँडसॅट'च्या एका चित्राला पूर्वी सुमारे ६०० डॉलर पडत. २००८मध्ये ती मोफत झाली आणि वापर कित्येक पटींनी वाढला. सेंटिनलची तर पहिल्यापासून खुली आहेत. सांगलीतल्या कॉलेजात भूगोल शिकणारी मुलगी २०१९ आणि २०२१चे पूर शेजारी-शेजारी मांडून आपल्या शिवारात पाणी कुठवर चढलं, ते घरबसल्या पाहू शकते. फक्त चित्राची तारीख तेवढी नीट बघावी. पाणी ओसरल्यावरचं चित्र हाती आलं, तर त्यात पूर सापडायचा नाही.