पाठमोरी माणसं

नमस्कार श्रोतेहो. आज मला तुम्हाला काही फोटो दाखवायचे आहेत. रेडिओवरून दाखवायचे म्हणजे शब्दांतच दाखवावे लागणार. पण हे काही नवीन नाही. १८६३ साली अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्रानं हेच केलं होतं.

तिथे तेव्हा यादवी युद्ध पेटलं होतं. जुलैमध्ये गेटिसबर्गची लढाई झाली आणि नंतर त्या गावात एका सैनिकाचा मृतदेह सापडला. गळ्यात नावाचा बिल्ला असण्याचे ते दिवस नव्हते. ओळख पटेल असं त्याच्यापाशी काहीच नव्हतं. हातात होता काचेवर उतरवलेला तीन लहान मुलांचा फोटो.

तो फोटो फिलाडेल्फियाच्या एका डॉक्टरांच्या हाती आला. वर्तमानपत्रात फोटो छापण्याचं तंत्र तेव्हा नव्हतं, म्हणून ऑक्टोबरमध्ये 'फिलाडेल्फिया इन्क्वायरर'नं त्याचं वर्णन छापलं. धाकटा उंच खुर्चीत बसलाय, दोन्ही बाजूंना भाऊ आणि बहीण, आणि मोठ्या मुलाचा कपडा बहिणीच्या फ्रॉकच्याच कापडाचा. इतर पत्रांनीही तो मजकूर उचलला. न्यूयॉर्क राज्यातल्या पोर्टव्हिल गावी तो एका बाईच्या वाचनात आला. एकाच कापडातले ते दोन कपडे जिच्या घरातले, तिला आणखी काय सांगायला हवं? नोव्हेंबरमध्ये फोटोची प्रत तिच्यापर्यंत पोचली. मुलं तिचीच होती. लढाईवर गेलेल्या नवऱ्याला तो फोटो तिनंच धाडला होता. त्याचं नाव एमोस ह्युमिस्टन.

युद्धातला कुठलाही फोटो समोर आला की मला तो फ्रॉक आठवतो. 'निर्वासित', 'जखमी नागरिक' एवढंच लिहून फोटो पुढे ढकलला जातो, ते मला सहन होत नाही. कपड्याकडे बघा, हातातल्या भांड्याकडे बघा. माणूस तिथे सापडतो.

आता दुसरा फोटो. पोलंडमधल्या लोड्झ शहरात नाझींनी १९४० साली दीड लाखांहून जास्त ज्यूंना एका वस्तीत कोंडलं. हेन्रिक रॉस त्यांच्यातलाच एक. त्याचं नेमून दिलेलं काम म्हणजे ओळखपत्रांचे फोटो काढणं. पण ओव्हरकोटाखाली कॅमेरा लपवून तो वस्तीतलं रोजचं जगणं टिपत राहिला. पकडला गेला असता तर मरणच होतं. बायको स्टेफानिया त्याला साथ देत होती. लग्नं, खेळणारी पोरं, सुपासाठी लागलेल्या रांगा, आणि उपासमारीनं रस्त्यात कोसळलेला मुलगाही.

१९४४ साली माणसांना छळछावण्यांकडे पाठवून वस्ती रिकामी केली जात होती. त्या वेळच्या एका फोटोत माणूसच नाही. जमिनीवर नुसते डबे, बादल्या, ताटल्या विखुरल्या आहेत. सूप आणायला प्रत्येक जण आपापला डबा घेऊन जायचा. डबा हरवला तर जेवण कशात घेणार? तो जिवापाड जपलेला डबा इथे मालकाविना पडलाय. प्रेतांच्या ढिगाचे फोटो मी पाहिलेत, त्यांच्यापुढे नजर खाली जाते. या डब्यांवरून मात्र नजर हलत नाही.

त्याच वर्षी रॉसनं सहा हजारांच्या आसपास निगेटिव्ह पेटीत घालून जमिनीत पुरल्या. आपण वाचलो नाही तरी पुरावा वाचावा, एवढीच आशा. तो वाचला. १९४५च्या मार्चमध्ये त्यानं पेटी उकरून काढली, तेव्हा निम्म्या निगेटिव्ह पाण्यानं गेल्या होत्या. उरलेल्यांपैकी कित्येकींच्या कडा विरघळल्यात, चेहऱ्यांवर डाग पसरलेत.

आणि तिसरा. हिरोशिमा, ६ ऑगस्ट १९४५. योशितो मात्सुशिगे हा वर्तमानपत्राचा छायाचित्रकार. अकराच्या सुमाराला तो मियुकी पुलापाशी पोचला. अणुबॉम्ब पडला तिथून हे ठिकाण सव्वादोन किलोमीटरांवर. पुलावर भाजलेली माणसं बसली होती, त्यांत शाळकरी मुलं कितीतरी. त्यांच्या अंगाला स्वयंपाकाचं तेल लावणं चालू होतं. दुसरं औषधच नव्हतं. मात्सुशिगेचा हात उठेना. वीसेक मिनिटांनी त्यानं बटण दाबलं. पुढे त्यानं सांगितलं की डोळ्यांतल्या पाण्यानं समोरचं धूसर दिसत होतं. त्या अख्ख्या दिवसात त्याचे पाचच फोटो हाती लागले.

पुलावरच्या फोटोत बरीचशी माणसं पाठमोरी आहेत. त्यांतला एक विशीतला इंजिनिअरिंगचा विद्यार्थी होता, सुनाओ त्सुबोई. आता आपण मरणार अशी त्याची खात्री झाली होती. त्यानं एक खडा उचलला आणि तिथेच जमिनीवर कोरलं, 'त्सुबोई इथे मेला'. घरच्यांना निदान ठिकाण तरी कळावं.

अण्वस्त्रं नष्ट करा, हे आयुष्यभर सांगत राहिलेले त्सुबोई २०२१ साली गेले, वयाच्या ९६व्या वर्षी. तो फोटो समोर ठेवून, हा बसलेला मी, असं बोटानं दाखवायचे.