हातभर अंतरावरचा अभिनय : जेराल्डीन पेज

मित्रहो, अमेरिकन नाटककार टेनेसी विल्यम्स यांचे ‘समर अँड स्मोक’ १९४८ साली ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक रंगभूमीवर, अपयशी ठरले होते. चार वर्षांनी, १९५२ च्या एप्रिलमध्ये, होसे किन्तेरो या तरुण दिग्दर्शकाने तेच नाटक न्यूयॉर्कच्या शेरिडन स्क्वेअरमधील एका जुन्या नाइट क्लबच्या जागेत पुन्हा उभे केले. ‘सर्कल इन द स्क्वेअर’ या नावाच्या त्या छोट्या नाट्यगृहात प्रेक्षक तिन्ही बाजूंना बसत. ऑफ ब्रॉडवे, म्हणजे ब्रॉडवेबाहेरच्या छोट्या नाट्यगृहांतील, रंगभूमीकडे समीक्षकांनी गांभीर्याने पाहायला सुरुवात केली ती या प्रयोगापासून, आणि त्याच्या केंद्रस्थानी होत्या मिसुरीत जन्मलेल्या, शिकागोच्या गुडमन नाट्यशाळेत शिकलेल्या सत्तावीस वर्षांच्या जेराल्डीन पेज.

या नाटकातली त्यांची आल्मा ही मिसिसिपीतील एका धर्मोपदेशकाची मुलगी. मनातली ओढ शिष्टाचाराखाली दडपणारी. पुढे पेज यांच्या सतत चाळवणाऱ्या हातांवर आणि अडखळत्या उच्चारांवर कृत्रिमतेचा आरोप झाला, आणि काही चित्रपटांच्या बाबतीत तो मला पटतोही. आल्माच्या बाबतीत मात्र मी तो मान्य करणार नाही, कारण तिच्या तोंडून जे बाहेर पडत नाही ते बोटांवाटे निसटते, आणि हातभर अंतरावर बसलेल्या प्रेक्षकाला ते टिपता येते. कॅमेऱ्याला हवी असलेली सूक्ष्मता त्यांना त्या छोट्या नाट्यगृहात सापडली, असे माझे मत आहे.

जॉन वेन यांच्यासोबतच्या, १९५३ मधील ‘हॉन्डो’ने त्यांना पहिले ऑस्कर नामांकन मिळवून दिले. तरीही त्यांचा पुढचा चित्रपट आला तो थेट १९६१ मध्ये, आणि तोही ‘समर अँड स्मोक’च. मधल्या काळात रंगमंच त्यांच्या हाताशी होता. १९५९ मध्ये एलिया कझान यांच्या दिग्दर्शनाखाली, पॉल न्यूमन यांच्यासमवेत, त्यांनी ‘स्वीट बर्ड ऑफ यूथ’मधील उतारवयाच्या धास्तीने पळ काढणारी चित्रपट अभिनेत्री उभी केली, त्या वेळी त्या स्वतः पस्तिशीच्याही नव्हत्या. तीन वर्षांनी ही भूमिकाही पडद्यावर गेली.

नामांकने मिळत राहिली, ऑस्कर हुलकावणी देत राहिले. आठव्या खेपेस, १९८६ मध्ये, अभिनेते एफ. मरे अब्राहम यांनी लिफाफा उघडला आणि नाव वाचण्यापूर्वी, या स्त्रीला मी इंग्रजी भाषेतील सर्वश्रेष्ठ अभिनेत्री मानतो, असे सांगितले. तो पुरस्कार ‘द ट्रिप टू बाऊंटिफुल’साठी होता. ह्यूस्टनच्या अडचणीच्या घरात मुला-सुनेकडे राहणारी कॅरी वॉट्स, सुनेला न आवडणारी भजने गुणगुणत, आपल्या ओस पडलेल्या गावी पळून जाते. रात्रीच्या बसमध्ये शेजारच्या तरुणीशी बोलताना पेज यांचे हात बहुतेक स्थिर असतात. तीस वर्षांपूर्वीच्या आल्माला ठाऊक नसलेली ही स्वस्थता पाहून मला दर वेळी भरून येते.

ऑस्करनंतरही त्या रंगभूमीवर परतल्या. ब्रॉडवेवरील ‘ब्लाइथ स्पिरिट’मध्ये त्या मृतात्म्यांना आवाहन करणारी मादाम आर्काटी साकारत होत्या. १३ जून १९८७ रोजी दुपारच्या प्रयोगाला त्या आल्या नाहीत, संध्याकाळच्याही नाही. तो प्रयोग संपल्यावर, त्यांचे निधन झाल्याचे प्रेक्षकांना रंगमंचावरून सांगण्यात आले.