पुढची पोथी कोणती लावावी?

(अंबाजोगाईतल्या एका वाचनालयाच्या वाचकमेळाव्यातलं बोलणं, थोडं नीट करून.)

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय, 'यानंतर कोणती महाकाल्पनिका वाचावी?' महाकाल्पनिका हा शब्द माझा नाही, चिटणीसांचा आहे. आपण एपिक फँटसीच म्हणू, म्हणजे अख्खं कल्पित जग उभं करणारी लांबलचक गोष्ट. मागच्या महिन्यात तुमच्यातल्याच चौघा-पाचजणांनी मला इथल्या जिन्यात गाठलं होतं, "काका, टॉल्किनचं 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' संपलं, आता पुढं काय?" त्याचं उत्तर द्यायला मला पाऊण तास दिलाय. देतो. पण आधी जरा पोथीचं बोलू.

आमच्या गावात श्रावण लागला की मारुतीच्या देवळात पोथी लागायची. श्रीधरांचा पांडवप्रताप, 64 अध्याय. एकजण वाचणार, दुसरा अर्थ सांगणार. वाचणारे नाकात आणि भरभर वाचायचे, त्यांना घरी जायची घाई. अर्थ सांगायला आमचे आबा. आता झालं होतं काय, की पोथीची मधली वीस-पंचवीस पानं वाळवीनं खाल्लेली. वाचणारा तिथपर्यंत आला की चष्मा काढायचा, पुसायचा आणि म्हणायचा, "हं आबा, सांगा." समोर ओवी नाही आणि आबा अर्थ सांगतायत! दरवर्षी वेगळा. बहात्तरच्या दुष्काळात मी चौथीत होतो. त्या वर्षी आबांचे पांडव अज्ञातवासात खडी फोडायला गेले. भीमाला दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी पुरेना, म्हणून द्रौपदी आपल्या वाटणीची त्याच्या ताटात लोटायची आणि वर म्हणायची, "मला नाही आवडत ती." बाया पदर तोंडाला लावून बसलेल्या. दिवसभर त्याही खडीवरच असायच्या. समोर विठामाय होती, ती म्हणाली, "आबा, मुकादम कौरवांचा व्हता का?" आबा म्हणाले, "तर!"

हसा. पण फँटसी म्हणजे दुसरं काय असतं? जग सगळं खोटं आणि भूक तेवढी खरी. आणि आपल्याकडची शिकलेली माणसं मला सांगतात की हे इंग्रजांचं खूळ आहे, आपल्या मातीतलं नाही. इथं माझं डोकं फिरतं. पैठण कशासाठी प्रसिद्ध आहे, सांगा बरं? पैठणी, बरोबर. नाथ. जायकवाडी. आणखी? ...बघा, गप्प झालात. गुणाढ्य!

सातवाहन राजाच्या दरबारात, म्हणजे आपल्या प्रतिष्ठानात, आजच्या पैठणात, गुणाढ्य नावाचा पंडित होता. कथा सोमदेवानं कथासरित्सागरात दिलीय, अकराव्या शतकात, आणि तीही काश्मीरात बसून. पैठणची गोष्ट काश्मीरनं जपली, आपण साडी जपली. असो. राजा राण्यांबरोबर पाण्यात खेळतोय. एक राणी दमली आणि म्हणाली, "मोदकैः परिताडय माम्." मा उदकैः, म्हणजे पाणी नका मारू. राजाचं संस्कृत कच्चं. त्याला वाटलं ही मोदक मागतेय. त्यानं मोदकांची ताटं मागवली! ओली राणी, काठावर मोदक. राणी हसली आणि वर संधीचा नियमही सांगितला. राजानं अंथरूण धरलं. (बायकोनं व्याकरणाची चूक काढली की काय होतं, इथल्या पुष्कळांना ठाऊक असेल. मी नावं घेत नाही.)

मग राजाला संस्कृत शिकवायची पैज लागली. गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षं लागतील. दरबारातला दुसरा पंडित शर्ववर्मा म्हणाला, सहा महिने. क्लासवाल्यांची जाहिरात काही आजची नाही. गुणाढ्यानं चिडून शपथ घेतली, तू जिंकलास तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडीन. शर्ववर्मा जिंकला. गुणाढ्य विंध्याच्या रानात गेला, पिशाच्चांची भाषा शिकला आणि त्या पैशाचीत सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली. शाई नव्हती, म्हणून रक्तानं. ती राजाकडं पाठवली. राजानं परत केली, कारण भाषा हलकी आणि अक्षरं रक्ताची. साभार परत म्हणजे काय असतं, हे मलाही माहीत आहे, पण ते पुन्हा कधी.

गुणाढ्यानं रानात अग्निकुंड पेटवलं. एकेक पान वाचायचं आणि आगीत टाकायचं. ऐकायला कोण? हरणं, रानडुकरं, रेडे. ती चरायचं सोडून उभी राहिली, डोळ्यांत पाणी. इकडं राजा आजारी पडला. वैद्य म्हणाले, मांस वाळकं येतंय. आचाऱ्यांनी पारध्यांवर ढकललं. पारधी म्हणाले, जनावरं खातच नाहीत महाराज, एक बामण त्यांना गोष्ट सांगतोय. राजा धावत पोचला तोवर सहा लाख श्लोकांची राख झाली होती. वाचला एक लाख, म्हणजे उडत्या विद्याधरांचा सम्राट झालेल्या नरवाहनदत्ताची गोष्ट. पुढं ते मूळ पैशाची पुस्तकही हरवलं. सात खंडांची मालिका, सहा जळाले, सातवा गहाळ. जगात कुठल्या...

चिठ्ठी आली. 'सर, सात मिनिटं.' अध्यक्षमहाराज, तुमच्या सत्कारालाच वीस गेली होती. बरं.

तर पुढं काय वाचावं. माझी पहिली अट, समाप्ती झालेली पोथीच लावायची. जॉर्ज मार्टिनच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर'चे पाच खंड मी एकदम विकत घेतले. पाचवा 2011 चा. सहावा अजून यायचाय. आमच्या घरी त्याला 'अर्धी पोथी' म्हणतात आणि फडताळ आवरताना दरवेळी मला त्यावरून ऐकावं लागतं. दिवाळीची सुट्टी हाताशी असलेल्यांनी तो नाद धरू नये. ब्रँडन सँडरसनची 'स्टॉर्मलाइट'सुद्धा दहा खंडांची ठरलीय, 2024 अखेर पाच आलेत. थांबा.

दम असेल तर रॉबर्ट जॉर्डनची 'व्हील ऑफ टाइम'. 14 खंड, पहिला 1990 चा. जॉर्डन 2007 साली गेला. त्यानं ठेवलेल्या टिपणांवरून याच सँडरसननं शेवटचे तीन खंड पुरे केले, 2013 पर्यंत. म्हणजे वाळवीनं खाल्लेल्या पानांना आबा मिळाला. मधले दोन-तीन खंड मात्र रेंगाळतात, तिथं आमच्या वाचणाऱ्यासारखं भरभर वाचा.

स्टीव्हन एरिकसनची 'मलाझन', 10 खंड, 1999 ते 2011. पूर्ण आहे, पण अर्थ सांगणारा नाही. पहिल्याच पानावर युद्धात ढकलून देतात, कोण कुणाचा ते तुमचं तुम्ही बघा. पहिल्यांदाच या वाटेला आलेल्यांनी जाऊ नये. अर्सुला ले ग्विनची 'अर्थसी' 1968 पासूनची. खंड बारके, भाषा शांत. वस्तूचं खरं नाव कळलं की तिच्यावर सत्ता चालते. आपल्याकडं नावाचा महिमा लेकरांनाही माहीत असतो, त्यामुळं ती चटकन लागेल.

आणि तुमच्यातल्या बहुतेकांना मी सांगेन, सँडरसनची 'मिस्टबॉर्न', पहिले तीन खंड. 2006 ते 2008, खलास. त्यात आभाळातून सारखी राख पडते. इथनं परळी कितीशी लांब आहे? तिथल्या थर्मल वीजकेंद्राच्या राखेत वाळत घातलेले कपडे पुन्हा धुतलेल्या माणसाला ते जग कुणी समजावून सांगायला नको. व्हिन नावाची चोरटी पोरगी धातू गिळते आणि पोटात तो जाळून शक्ती मिळवते. पहिलं प्रकरण घरात मोठ्यानं वाचा. मराठीत सांगत सांगत वाचलं तरी चालेल. कुणी मोबाइल खाली ठेवला, तर लागली पोथी. नाही ठेवला तर दुसरी बघा. गुणाढ्याच्या रानात जनावरांनी चारा सोडला होता, आपण एवढंच मागतोय.

झालं, उठतो. पहिला खंड मी पिशवीत आणलाय. ताई, तुम्ही मघापासून हात वर करून आहात, तुम्हीच न्या. फक्त जरा सावकाश वाचा. दुसरा मेहुण्यानं लातूरला नेलाय, गुढीपाडव्यापासून.