बस आली आणि बस आली म्हणे

इस्तंबूलमधलं एसेनलेर ओतोगार. ओतोगार म्हणजे बसस्थानक. इथून देशभर गाड्या सुटतात. पाट्यांवरची अक्षरं रोमन दिसतात, कारण १९२८ साली तुर्कीनं अरबी लिपी सोडून २९ अक्षरांची ही वर्णमाला घेतली.

तुर्की भाषेत ‘अंकारात’ म्हणायचं तर ‘अंकारा'दा’. ‘इझमिरमध्ये’ म्हणायचं तर ‘इझमिर'दे’. अर्थ एकच, मग एकदा ‘दा’ आणि एकदा ‘दे’ का? तुर्कीत आठ स्वर आहेत. आ, ओ, उ आणि एक दबका ‘इ’ हे जीभ मागे ठेवून म्हणायचे. ए, इ आणि ओठ गोल करून म्हटलेले ए, इ हे जीभ पुढे आणून. नावातला शेवटचा स्वर ज्या गटातला, त्याच गटातला स्वर प्रत्यय घेतो. तक्ता पाठ करण्यापेक्षा मोठ्यानं बोलावं. जीभ आपोआप वळते. शेवटी प, त, क असं कठोर व्यंजन आलं की ‘द’चा ‘त’ होतो: सिनोप'ता, म्हणजे सिनोप शहरात. विशेषनाम आणि प्रत्यय यांच्यामध्ये लिहिताना वर एक छोटी खूण असते, त्यामुळे मूळ नाव लगेच ओळखू येतं.

आता प्रत्ययांची रांग. एव्ह म्हणजे घर. एव्हलेर, घरं. एव्हलेरिमिझ, आमची घरं. एव्हलेरिमिझदेन, आमच्या घरांमधून. मराठीत ‘रस्ता’चं आधी ‘रस्त्या’ होतं, मग ‘वर’ लागतो. तुर्कीत सामान्यरूपाची ही भानगड नाही. ‘किताप’चं (पुस्तक) ‘किताबी’ (पुस्तकाला) होतं, एवढे थोडे अपवाद सोडले तर मूळ शब्द जागचा हलत नाही. लिंगही नाही. तो, ती, ते, सगळ्यांना ‘ओ’. क्रियापद शेवटी, आपल्यासारखंच.

खरी गंमत भूतकाळात आहे. ‘ओतोब्यूस गेल्दी’: बस आली, मी पाहिली. ‘ओतोब्यूस गेलमिश’: बस आली म्हणे, किंवा आलेली दिसतेय. बोलणाऱ्यानं स्वतः पाहिलं की नाही, हे तुर्कीत क्रियापदच सांगून टाकतं. मराठीत ‘म्हणे’ जोडणं आपल्या मर्जीवर. तिथे ‘दी’ की ‘मिश’, हे बहुतेक वेळा ठरवावंच लागतं. परीकथेची सुरुवातही ‘मिश’नंच होते: ‘बिर वारमिश, बिर योकमुश.’ एक होता म्हणे, एक नव्हता म्हणे. सांगणारा तिथे हजर नव्हता, हे पहिल्याच वाक्यात कबूल. आणि ‘योक’मधल्या ‘ओ’मुळे ‘मिश’चा ‘मुश’ झाला, तेही ऐकून ठेवा.

गाडीला वेळ असेल तर चहा-बिहा घ्या. तुर्कीत ‘चाय माय’. आपण ‘बि’ लावतो, ते ‘म’. मात्र शब्दच ‘म’नं सुरू होत असेल तर ही युक्ती चालत नाही. टेबलाला म्हणतात ‘मासा’. टेबल-बिबल म्हणायचं तर ‘मासा फालान’. हा ‘फालान’ आपल्या ‘फलाण्या’चा सख्खा भाऊ, दोघंही मूळचे अरबी.